वर्गात एकच मोबाइल असला तरी: फुकटच्या वेब-साधनांनी शिकवायला सुरुवात कशी करावी

तालुक्याच्या प्रशिक्षणातून मी मोठ्या उत्साहात परतलो होतो. तिथे प्रोजेक्टर होता, वायफाय होतं, आणि चाळीसेक शिक्षकांच्या हातात तितकेच मोबाइल होते. कहूट नावाचा प्रश्नमंजुषेचा खेळ आम्ही शाळकरी पोरांसारखे ओरडत खेळलो. दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गात तोच बेत केला. २७ मुलं आणि घरून मागून आणलेले तीन मोबाइल. त्यातल्या एकाचा डेटा पॅक संपलेला, दुसऱ्याचा पासवर्ड फक्त मोठ्या दादाला ठाऊक. खेळाचा आकडी कोड टाकण्यातच २५ मिनिटं गेली आणि मग वीज गेली. मागच्या बाकावरची एक मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, फळ्यावरच घ्या ना प्रश्न."

तिचं बरोबर होतं. त्या दिवशीचं साधन चांगलंच होतं, पण ते माझ्या वर्गाचं नव्हतं. माझी शाळा अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात आहे, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. रेंज ध्वजस्तंभापाशी बरी येते, वर्गात खिडकीला टेकून उभं राहिलं तर येते. अशा ठिकाणी काय चालतं आणि काय फसतं, हे शिकायला मला दोन वर्षं लागली. नव्याने रुजू झालेल्या शिक्षणसेवकांना आणि "आपल्याला ते कॉम्प्युटरचं जमत नाही" म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींना ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितोय.

हाताशी काय हवं

- एक अँड्रॉइड मोबाइल, कॅमेरा ठीकठाक असलेला. तुमचाच चालेल.
- शाळेच्या नावाने उघडलेलं एक गूगल खातं. स्वतःचं खाजगी खातं वापरू नका; कारण शेवटी सांगतो.
- लॅपटॉप किंवा शाळेचा ई-लर्निंग संच असेल तर उत्तम. नसला तरी यातलं निम्मं काम होतं.
- ३२ जीबीचा पेनड्राइव्ह.
- छपाईसाठी जाड कागद आणि पुठ्ठा.
- शाळेच्या ओळखपत्राचा स्वच्छ फोटो. शिक्षकांना मोफत खातं देणारी काही साधनं, उदाहरणार्थ तक्ते-चित्रं बनवण्याचं कॅनव्हा, शिक्षक असल्याचा पुरावा मागतात.

टीव्ही असेल आणि मोबाइल त्याला वायरीने जोडायचा विचार असेल, तर वायर विकत घेण्याआधी दुकानातच जोडून बघा. बऱ्याच स्वस्त मोबाइलच्या चार्जिंगच्या खाचेतून चित्र बाहेर जातच नाही. मी न बघता आणलेली वायर अजून कपाटात आहे.

१. आधी अडचण लिहा, साधन नंतर

एका कागदावर एक वाक्य लिहा: "माझ्या वर्गाला अमुक कळत नाही." नुसतं "गणित कच्चं आहे" असं लिहू नका. "०.३५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती, हे सांगता येत नाही" इतकं नेमकं लिहा. असं वाक्य तयार नसेल तर कुठलंही ॲप उघडायची घाई करू नका. माझ्या अनुभवात अडचणी चारच प्रकारच्या निघतात: मुलांना कळलंय की नाही हे मलाच कळत नाही, दिसत नसलेली गोष्ट दाखवायची आहे, वाचायला पुरेसं साहित्य नाही, किंवा घरच्या अभ्यासाचा पत्ता लागत नाही. प्रत्येकीसाठी एकेक साधन पुरतं. ज्या शिक्षकांच्या मोबाइलमध्ये पंधरा शैक्षणिक ॲप असतात, त्यांच्या वर्गात बहुधा एकही चालत नसतं, हे माझं निरीक्षण आहे, राग नसावा.

२. मराठी टायपिंग एकदाचं नीट करा

हे कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. आपल्याकडच्या जुन्या प्रश्नपत्रिका कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्यातला मजकूर उचलून गूगल फॉर्ममध्ये चिकटवला की देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. फॉर्म बिघडलेला नसतो. तो फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखीच कळणारी अक्षरपद्धत, वापरत नाही, एवढंच.

मोबाइलवर जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कळफलकात, मराठी भाषा जोडा. इंग्रजी अक्षरांत लिहिलं तरी मराठी उमटतं, आणि माइकचं बटण दाबून बोललं तर बऱ्यापैकी बिनचूक टाइप होतं. प्रश्न सांगत जायचे आणि मग विरामचिन्हं दुरुस्त करायची, ही माझी पद्धत. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी फोनेटिक कळफलक आधीपासूनच आहे, फक्त भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो.

जुन्या मजकुरासाठी कृतिदेव ते युनिकोड असं रूपांतर करणारी फुकट पानं आहेत. रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, तिथेच घोटाळे होतात. कागदावरची छापील प्रश्नपत्रिका असेल तर तिचा फोटो गूगल ड्राइव्हमध्ये टाका आणि तो गूगल डॉक्समध्ये उघडा. छापील मराठी ओळखून त्याचा मजकूर करून मिळतो.

३. जे लागेल ते आदल्या रात्री उतरवून ठेवा

रेंजच्या भरवशावर तासिका ठेवायची नाही, हा माझा पक्का नियम आहे.

पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड तुम्ही पाहिले असतील. ते दीक्षाचे आहेत. केंद्र सरकारने हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी, सुरू केलं. ॲपमध्ये कोड स्कॅन केला की त्या पाठाचे व्हिडिओ आणि सराव दिसतात. ते तिथेच डाउनलोड करून ठेवले की वर्गात इंटरनेट लागत नाही. पुस्तक फाटलंय, कोड पुसट झालाय? कोडखाली सहा अक्षरांचा एक संकेत छापलेला असतो, तो टाइप केला तरी चालतं. सगळेच व्हिडिओ सारखे चांगले नाहीत, म्हणून आधी स्वतः शेवटपर्यंत पाहा. दहा मिनिटांच्या व्हिडिओतली दोनच मिनिटं कामाची असतील तर तेवढीच दाखवा.

पुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. वर्गात एकच प्रत असलेल्या जुन्या पुस्तकातला पाठ मला तिथूनच मिळाला.

वाचनासाठी स्टोरीवीव्हर. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या या संग्रहात मराठी गोष्टी भरपूर आहेत आणि त्या वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. परवाना खुला असल्यामुळे गोष्ट छापता येते, वाटता येते, तिचा अनुवादही करता येतो, फक्त मूळ लेखक-चित्रकारांचं नाव राहू द्यायचं. आम्ही पहिल्या पातळीच्या आठ गोष्टी छापून दोरीवर टांगल्या. मग पाचवीच्या मुलांनी त्यातली एक गोष्ट घरच्या ठाकरी बोलीत सांगितली आणि वहीत उतरवली. ती वही पहिलीतली पोरं छापील पुस्तकापेक्षा जास्त मागतात.

यूट्यूबबद्दल एकच सूचना. थेट वर्गात लावू नका. मध्येच जाहिरात येते, आणि व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. माझ्या वर्गात ज्वालामुखीनंतर काय सुरू झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऑटोप्ले बंद करा आणि दाखवायचा व्हिडिओ ॲपमध्येच आधी उतरवून ठेवा.

४. प्लिकर्स: मोबाइल तुमच्याकडे, कार्डं मुलांकडे

या लेखातलं एकच साधन वापरणार असाल तर हे वापरा.

कल्पना साधी आहे. प्रत्येक मुलाकडे काळ्या चौकोनी ठशाचं एक छापील कार्ड असतं. कार्डाच्या चार बाजूंना चार पर्याय. उत्तराची बाजू वर येईल असं कार्ड धरायचं. तुम्ही समोर उभं राहून मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवता आणि काही सेकंदांत कोणी काय उत्तर दिलं ते तुमच्या पडद्यावर येतं. पर्यायांची अक्षरं इतकी बारीक छापलेली असतात आणि प्रत्येकाचा ठसा इतका वेगळा असतो की शेजाऱ्याचं बघून उपयोग होत नाही. हात वर करण्याला घाबरणारी मुलंही कार्ड बिनधास्त वर धरतात.

क्रम असा ठेवा:

पहिल्यांदा संकेतस्थळावर शिक्षक म्हणून खातं उघडा आणि वर्ग तयार करा. मुलांची नावं टाकायची गरज नाही. मी फक्त हजेरी क्रमांक टाकतो. कार्ड क्रमांक तोच हजेरी क्रमांक ठेवला की गोंधळ होत नाही. कार्डांचा संच ४० क्रमांकांचा, पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतो.

मग छपाई. साध्या कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवा. लॅमिनेशन करू नका! माझी पहिली चूक हीच. चकचकीत प्लॅस्टिकवर खिडकीचा उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला ठसा दिसत नाही. चिकटवताना ठशाभोवतीची पांढरी कडा कापू नका.

नंतर सराव. पहिला प्रश्न अभ्यासाचा नको. "आज डब्यात काय?" असा विचारा. मुलं बोटांनी ठसा झाकतात, कार्ड छातीशी तिरकं धरतात, उलटं करतात. दोन दिवसांत हात बसतो.

मोफत खात्यात एका संचात मोजकेच प्रश्न टाकता येतात. त्याने काही अडत नाही, कारण एका तासिकेत तीन प्रश्नांच्या वर विचारूच नयेत. टीव्ही नसेल तर प्रश्न आणि पर्याय फळ्यावर लिहा. मोबाइलला इंटरनेट मात्र लागतं, म्हणून मी खिडकीजवळ उभा राहतो.

आता तो दशांशांचा प्रश्न. ०.५ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती? फळ्यावर तोंडी विचारलं असतं तर नेहमीची चार मुलं "०.५" म्हणाली असती आणि मी पुढे गेलो असतो. कार्डं वर आली तेव्हा २७ पैकी १६ जणांनी ०.३५ म्हटलं होतं. का, तर ३५ पाचापेक्षा मोठे. मी बरोबर उत्तर सांगितलं नाही. "शेजाऱ्याला तुझं उत्तर पटवून दे" एवढंच म्हटलं, तीन मिनिटं दिली आणि पुन्हा कार्डं वर करायला सांगितली. या वेळी १६ चे ९ झाले. उरलेल्या नऊ जणांना शंभर चौकोनांचा कागद देऊन ३५ घरं आणि ५० घरं रंगवायला लावली. आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा उत्तर ही पद्धत माझी नाही. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात ती आपल्या वर्गात रुजवली. तिथली मुलंही पाठ केलेलं म्हणत होती आणि कळलेलं नव्हतं, हे वाचून मला जरा बरं वाटलं होतं.

चुकीचे पर्याय लिहिताना डोकं लावा. मुलं खरोखर जी चूक करतात तीच पर्यायात हवी. त्यासाठी जुन्या वह्या चाळा. तिथे खजिना असतो.

५. फेट: न दिसणारं दाखवण्यासाठी

फेट हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचा प्रकल्प. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. यात विज्ञान-गणितातली हलतीबोलती प्रतिरूपं आहेत, खातं न उघडता वापरता येतात, आणि त्यातल्या पुष्कळांचा मराठी अनुवाद झालेला आहे. प्रतिरूपाच्या पानावर अनुवादांची यादी असते, तिच्यात मराठी शोधा. डाउनलोडचं बटण दाबलं की एक फाइल मिळते. ती पेनड्राइव्हवर घेतली की लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय उघडते.

विद्युत परिपथाचं प्रतिरूप माझं आवडतं. तारा, घट, बल्ब ओढून जोडायचे. तारेतून फिरणारे इलेक्ट्रॉन दिसतात, एकाच तारेवर एकामागोमाग बल्ब वाढवले की प्रकाश मंद होतो, आणि घटाची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली तर चक्क जाळ दिसतो. पोरं तो जाळ बघायला दहा वेळा चूक करतात. घरातल्या प्लगशी हा खेळ करायचा नाही, हे त्याच दिवशी बजावून सांगा.

दोन पथ्यं पाळा. खरा घट आणि खरा बल्ब हातात देता येत असेल तर आधी तो द्या, पडदा नंतर. आणि क्लिक करण्याआधी मुलांना अंदाज वहीत लिहायला लावा. नाहीतर तो सिनेमा होतो.

६. गूगल फॉर्म: घरच्या सरावासाठी, परीक्षेसाठी नाही

फॉर्म तयार करणं सोपं आहे, अडचणी सेटिंगमध्ये असतात. फॉर्म उघडा, सेटिंगमध्ये जाऊन त्याची प्रश्नमंजुषा करा, म्हणजे गुण आपोआप पडतात. मग या चार जागा तपासा.

"एकच प्रतिसाद" हा पर्याय चालू केला की भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं. पालकांना पासवर्ड आठवत नसतो आणि दुसऱ्या दिवशी "सर, लिंक उघडत नाही" असे दहा फोन येतात. तो बंद ठेवा. वहीचा फोटो मागणारा फाइलचा प्रश्नही लॉगिन मागतो, म्हणून तोही नको. ईमेल गोळा करणं बंद करा. आणि इतरांच्या उत्तरांचा सारांश दाखवणारा पर्याय चुकून चालू राहिला तर भरून झाल्यावर मुलाला सगळ्यांची उत्तरं दिसतात.

मराठीतली खास फसगत लघुत्तरी प्रश्नात होते. फॉर्म अक्षरशः तंतोतंत उत्तर जुळवतो. एका प्रश्नाचं उत्तर १२ होतं. कोणी मराठी अंकात लिहिलं, कोणी इंग्रजी अंकात, कोणी अक्षरात "बारा", कोणी "१२ सेमी". मी पहिलंच रूप टाकलेलं, त्यामुळे निम्म्या वर्गाला शून्य. एक मुलगा रडत आला. बरोबर उत्तराची सगळी रूपं यादीत टाका, नाहीतर सरळ बहुपर्यायी प्रश्न ठेवा.

लिंक पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकताना किमान तीन दिवसांची मुदत द्या. घरात मोबाइल एकच असतो, तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री परततो. ज्या चार-पाच घरांत मोबाइलच नाही, त्यांच्यासाठी तोच फॉर्म छापून द्या. आणि हे गुण आकारिक नोंदीत धरू नका. उत्तर मुलाने दिलं की ताईने, हे आपल्याला कळत नाही.

७. क्यूआर कोड करताना

सुट्टीच्या अभ्यासाच्या कागदावर लिंकऐवजी कोड छापणं बरं पडतं. पण कोड करून देणाऱ्या काही संकेतस्थळांचे फुकट कोड थोड्या दिवसांनी बंद पडतात, कारण तो कोड तुमच्या लिंकवर थेट न जाता त्यांच्या पानावरून जातो आणि चाचणीची मुदत संपली की पैसे मागतो. मी दिवाळीच्या सुट्टीसाठी ३० कागद छापले आणि भाऊबीजेपर्यंत कोड मेला होता. क्रोम ब्राउझरमध्ये पान उघडून शेअरमधून कोड करा. तो थेट लिंकचाच असतो, मरत नाही.

८. मुलांची माहिती जपा

बारा वर्षांच्या मुलाचं वय वाढवून गूगल खातं उघडायचं नाही. भारतात १३ वर्षांखालच्या मुलाला पालकांच्या देखरेखीशिवाय असं खातं ठेवता येत नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा तर १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती मागतो. म्हणून वर सांगितलेल्या एकाही साधनात मुलाला स्वतःचं खातं लागत नाही, हे मी मुद्दाम पाहिलंय. पूर्ण नाव, आधार क्रमांक, जात, फोटो यांतलं काही फुकटच्या साधनात टाकू नका. हजेरी क्रमांक पुरतो.

एआयला प्रश्न तयार करायला सांगणार असाल तर सांगा, वेळ वाचतो. पण मराठी व्याकरणाचे प्रश्न जसेच्या तसे वापरू नका. प्रयोग आणि समास यांत ते ठामपणे चुकतात.

९. पहिला महिना असा घाला

पहिला आठवडा फक्त टायपिंग आणि शाळेचं खातं. दुसऱ्यात प्लिकर्सची कार्डं, रोज एक प्रश्न. तिसऱ्यात एक फेट प्रतिरूप किंवा आठ गोष्टींची दोरी, दोन्ही नको. चौथ्यात पाच प्रश्नांचा एक फॉर्म. वीज जाणार हे धरूनच चाला; प्रत्येक तासिकेचा फळ्यावरचा पर्याय टाचणवहीत एका ओळीत लिहिलेला हवा.

महिनाअखेरीला फॉर्मच्या उत्तरांची शीट आणि प्लिकर्सचे निकाल पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. फुकटची साधनं आपले नियम कधीही बदलतात.

आणि ते शाळेच्या खात्याचं कारण. मी आलो तेव्हा आधीच्या शिक्षकांनी तीन वर्षं मेहनतीने केलेली प्रश्नपेढी त्यांच्या खाजगी खात्यात होती. त्यांची बदली झाली, नंबर बदलला, आणि आमच्याकडे नुसती लिंक राहिली, "परवानगी मागा" म्हणणारी. म्हणून आता शाळेच्या खात्याचं नाव, पासवर्ड आणि खात्याला जोडलेला फोन नंबर एका पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात, शिक्क्यांच्या डब्याशेजारी ठेवलाय. तो नंबरही माझा नाही, शाळेच्या मोबाइलचा आहे. माझी बदली पुढच्या मे महिन्यात अपेक्षित आहे.